बेर्नार्दिनो रामाझ्झिनी

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (जन्म : १६३३, कार्पी, मृत्यू : ५ नोव्हेंबर १७१४, पादुआ) हे इटलीतील वैद्य, वैद्यकाचे प्राध्यापक आणि ग्रंथकार होते. माणूस जे काम करतो आणि ज्या स्थितीत बसून किंवा उभा राहून ते करतो, त्यातूनच त्याचे अनेक आजार उद्भवतात, हे त्यांनी प्रथमच पद्धतशीरपणे मांडले. ‘दे मोर्बिस आर्तिफिकुम दिआत्रिबा’ (कारागिरांच्या रोगांवरील प्रबंध) हा त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथामुळे त्यांना व्यावसायिक आरोग्यशास्त्राचे जनक मानले जाते. खाणकामगार, कुंभार, आरसे तयार करणारे अशा धोक्याच्या व्यवसायांबरोबरच दिवसभर बसून काम करणारे शिंपी, चर्मकार, लेखनिक आणि विद्वान यांच्या आजारांचाही त्यांनी विचार केला. त्यामुळे बैठ्या कामाच्या आणि बसण्याच्या योग्य पद्धतीच्या अभ्यासातही त्यांचे नाव आद्य अभ्यासक म्हणून घेतले जाते.

जन्म आणि शिक्षण

रामाझ्झिनी यांचा जन्म उत्तर इटलीतील मोदेना संस्थानातल्या कार्पी या गावी झाला. प्रारंभीचे शिक्षण त्यांनी गावातील जेझुइट पंथीयांच्या शाळेत घेतले. तेथे लॅटिन भाषा आणि अभिजात साहित्य यांची जी गोडी लागली ती जन्मभर टिकली. त्यांच्या वैद्यकीय लेखनातही प्राचीन कवी आणि इतिहासकार यांचे दाखले जागोजागी आढळतात. पुढे पार्मा विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचा अभ्यास केला व १६५९ मध्ये पदवी मिळवली.

पदवीनंतर अधिक अनुभवासाठी ते रोमला गेले. त्यानंतर व्हितेर्बोच्या परिसरातील कानीनो आणि मार्ता या लहान गावांत त्यांनी वैद्यकी केली. हा भाग हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. तेथे रामाझ्झिनी स्वतःच तापाने आजारी पडले आणि प्रकृती खालावल्याने त्यांना कार्पीला परतावे लागले. वस्तीची जागा आणि तेथील हवा माणसाला कशी आजारी पाडते, याचा हा त्यांचा पहिला अनुभव त्यांच्या स्वतःच्या शरीरावरच आलेला होता.

मोदेना येथील काळ

१६७१ मध्ये रामाझ्झिनी मोदेना शहरात राहावयास आले. बाहेरून आलेल्या या वैद्याचे स्थानिक वैद्यांनी फारसे स्वागत केले नाही. १६८१ मध्ये बाळंतपणानंतर मृत्यू पावलेल्या एका उमराव स्त्रीच्या उपचारांवरून फ्लोरेन्समधील नामांकित वैद्य मोनिल्या यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ लेखी वाद झाला. मात्र १६८२ मध्ये मोदेनाचे ड्यूक दुसरे फ्रांचेस्को द’एस्ते यांनी तेथील विद्यापीठाची पुनर्स्थापना केली, तेव्हा वैद्यकाच्या सिद्धान्तांचे अध्यापन करण्यासाठी त्यांनी रामाझ्झिनी यांची नेमणूक केली.

मोदेना येथे त्यांनी केवळ रोग्यांचाच नव्हे, तर परिसराचाही अभ्यास केला. १६९० साली अतिवृष्टीनंतर गव्हावर तांबेरा पडला आणि खेड्यांत तापाची साथ पसरली. तिच्या नोंदी त्यांनी ऋतुमान, पीकपाणी आणि लोकांची राहणी यांच्याशी सांगड घालून प्रसिद्ध केल्या. मोदेनातील जमिनीखालून उसळून वर येणाऱ्या झऱ्यांवर त्यांनी १६९१ मध्ये ग्रंथ लिहिला. वायुभारमापकाच्या साहाय्याने हवेच्या दाबाची निरीक्षणेही केली. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ मोदेनाला आले असताना दोघांची ओळख झाली व पुढे त्यांच्यात पत्रव्यवहार राहिला.

ग्रंथाची प्रेरणा

कारागिरांच्या रोगांकडे आपले लक्ष कसे गेले, याची हकीगत रामाझ्झिनी यांनी ग्रंथातच सांगितली आहे. मोदेना हे दाट वस्तीचे आणि उंच घरांचे शहर होते. घरांखालील मैल्याचे हौद दर तीन वर्षांनी उपसावे लागत. रामाझ्झिनी यांच्या घरचा हौद उपसला जात असताना एक कामगार अत्यंत घाईने आणि जिवाच्या आकांताने काम करताना त्यांना दिसला. इतकी घाई कशासाठी, असे त्यांनी विचारले. त्या कामगाराने सांगितले की, या जागी काही तासांहून अधिक काळ राहिल्यास डोळ्यांची असह्य आग होते आणि दिसेनासे होते. काम संपले की घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत दिवसभर पडून राहावे लागते आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहावे लागते.

या उत्तराने रामाझ्झिनी अस्वस्थ झाले. त्यांनी शहरातील या व्यवसायातील इतर माणसांची चौकशी केली, तेव्हा त्यांच्यापैकी काही जण अर्धवट किंवा पूर्ण आंधळे होऊन भीक मागत असल्याचे त्यांना आढळले. या कामगारांच्या खिशातील तांब्याची नाणीही काळी पडत, हेही त्यांनी नोंदवले. हौदातील वायूचा धातूवर होणारा परिणाम त्यांनी असा डोळ्यांनी पाहिला होता. ज्यांच्या कष्टांवर शहराचे आरोग्य अवलंबून असते त्यांच्या आरोग्याची चौकशी कोणीच करत नाही, ही जाणीव या ग्रंथाच्या मुळाशी आहे.

माहिती गोळा करण्यासाठी रामाझ्झिनी कारखान्यांत, कार्यशाळांत आणि साध्या कारागिरांच्या दुकानांत गेले. प्रतिष्ठित प्राध्यापकाने अशा जागी पाऊल टाकणे त्या काळी कमीपणाचे समजले जाई. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने आल्या आल्या नाडी पाहून निघून जाऊ नये, साध्या लाकडी बाकावर निवांत बसावे आणि रोग्याची विचारपूस करावी, असा त्यांचा आग्रह होता. हिपॉक्रेटिसच्या परंपरेने रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत त्यांनी स्वतःचा एक प्रश्न जोडला. रोगी कोणता व्यवसाय करतो, हा तो प्रश्न होय. आज जगभरच्या वैद्यकीय तपासणीत हा प्रश्न रूढ झाला आहे.

ग्रंथाचे स्वरूप

ग्रंथाची पहिली आवृत्ती १७०० मध्ये मोदेना येथे आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १७१३ मध्ये पादुआ येथे निघाली. दुसऱ्या आवृत्तीत मुद्रक, लेखनिक, विणकर, सुतार, तांबट, विटा पाडणारे, विहिरी खोदणारे, नावाडी इत्यादींवरील बारा नव्या प्रकरणांची भर पडली. दोन्ही मिळून पन्नासांहून अधिक व्यवसायांचे विवेचन ग्रंथात आहे.

रामाझ्झिनी यांनी व्यवसायजन्य रोगांची दोन मुख्य कारणे सांगितली. पहिले कारण म्हणजे हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांतून निघणारी वाफ, धूळ व विषारी द्रव्ये. कुंभाराच्या झिलईतील शिसे, आरशांना लावला जाणारा पारा, पिठाच्या गिरणीतील धूळ ही त्याची उदाहरणे होत. दुसरे कारण म्हणजे शरीराच्या अनैसर्गिक हालचाली आणि चुकीची, अवघडलेली स्थिती. पहिले कारण त्यांच्या आधीच्याही काही लेखकांनी, विशेषतः खाणींच्या संदर्भात, मांडले होते. परंतु ज्या कामात विष नाही, धूर नाही, जखमेचा धोका नाही, असे निरुपद्रवी दिसणारे कामही केवळ बसण्याच्या किंवा उभे राहण्याच्या पद्धतीमुळे शरीराचे हळूहळू नुकसान करते, हा दुसरा विचार मुख्यतः त्यांचाच होय.

बैठ्या कामाचे विवेचन

शिंपी आणि चर्मकार

बैठे काम करणाऱ्यांवरील प्रकरणात शिंपी आणि जोडे शिवणारे कारागीर यांचे वर्णन येते. दिवसभर वाकून बसल्याने त्यांच्या पाठीला बाक येतो, खांदे पुढे झुकतात आणि पुढे ही स्थिती कायमची होते. शिंपी एक पाय दुसऱ्या मांडीवर टाकून शिवत बसतो, त्यामुळे त्याच्या पायांना बधिरपणा येतो, कंबरेपासून पायापर्यंत कळा येतात आणि चाल लंगडी होते. सणाच्या दिवशी किंवा सहकाऱ्याच्या अंत्ययात्रेत हे कारागीर दोघादोघांच्या रांगेने चालू लागले की पोक आलेल्या, डोलत व लंगडत जाणाऱ्या माणसांचा तो मेळा पाहून हसू येते, असे त्यांनी नमूद केले आहे. व्यवसाय शरीराला आपल्या साच्यात कसे घडवतो, याचे ते दृश्य उदाहरण म्हणून देतात.

याच प्रकरणात त्यांनी एक महत्त्वाचा फरक दाखवला आहे. कुंभार आणि विणकर हेही बसूनच काम करतात, पण त्यांचे हातपाय सतत हलत असतात. त्यामुळे त्यांना बैठेपणाचा त्रास कमी होतो. म्हणजे दोष निव्वळ बसण्यात नसून हालचालीविना बसण्यात आहे. उपाय म्हणून सुट्टीच्या दिवशी तरी भरपूर व्यायाम करावा, असा सल्ला त्यांनी दिला आहे.

लेखनिक आणि कारकून

१७१३ च्या आवृत्तीतील लेखनिकांवरील प्रकरण मेजावर बसून काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. मुद्रणकला रूढ झाल्यानंतरही न्यायालये, व्यापारी पेढ्या आणि राजदरबार यांत शेकडो माणसे दिवसभर हाताने लिहीत असत. त्यांच्या आजारांची रामाझ्झिनी यांनी तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल न थांबता करणे आणि लिहिण्यात चूक होऊ नये, हिशेबात तोटा येऊ नये म्हणून मनावर असलेला ताण.

लेखणी कागदावर चालवताना हाताच्या स्नायूंना व कंडरांना जराही उसंत मिळत नाही, त्यामुळे उजव्या हातातील बळ हळूहळू जाते, असे त्यांनी स्पष्ट केले. आपल्या परिचयातील एका लेखनिकाचे उदाहरण त्यांनी दिले आहे. आयुष्यभर लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा तो जिद्दीने डाव्या हाताने लिहावयास शिकला; पण काही काळाने डाव्या हातालाही तोच विकार जडला. आजार शरीराच्या एखाद्या दुबळ्या भागाचा नसून कामाच्या पद्धतीचा आहे, हे या उदाहरणातून दिसते. दरबारी चिटणिसांच्या बाबतीत मनावरील ताण अधिक असतो, कारण धन्याची मर्जी सांभाळणारे शब्दही त्यांनाच योजावे लागतात, हेही त्यांनी नोंदवले. अशा माणसांनी हाताला तेलाने मर्दन करावे, थंडीत हात उबदार ठेवावेत आणि बेताचा व्यायाम करावा, असे उपाय त्यांनी सुचवले.

बारीक काम आणि डोळे

सोनार, घड्याळजी, रत्नांवर कोरीव काम करणारे यांच्या प्रकरणात डोळ्यांवरील ताणाचा विचार आहे. एकाच लहान वस्तूवर दिवसभर नजर खिळवून ठेवल्याने डोळा दूरचे पाहण्याची सवय विसरतो आणि दृष्टी अधू होते, असे त्यांचे मत होते. अशा कारागिरांनी चष्मा वापरावाच, परंतु मधून मधून मान वर करून, हातातले काम बाजूला ठेवून निरनिराळ्या वस्तूंकडे पाहावे आणि डोळ्यांना विसावा द्यावा, असे त्यांनी सांगितले. मुद्रणालयात खिळे जुळवणाऱ्यांना दुकानातून बाहेर पडल्यावरही कित्येक वेळ डोळ्यांपुढे अक्षरेच दिसत राहतात, हे निरीक्षणही त्यांचेच. आज संगणकावर काम करणाऱ्यांना दूरवर पाहण्याचा जो सल्ला दिला जातो, तो याच विचाराशी जुळतो.

विद्वानांचे आजार

ग्रंथात विद्वानांनाही कारागिरांच्याच पंक्तीत बसवले आहे. पुस्तकावर वाकून बसल्याने पोटातील अवयव दाबले जातात, पचन बिघडते, सांधे आखडतात आणि डोळे दुबळे होतात, असे त्यांचे निदान आहे. विद्वान मंडळी इतरांच्या आरोग्याविषयी बोलतात, पण आपल्या बैठकीकडे पाहत नाहीत, असा या प्रकरणाचा सूर आहे. लेखक स्वतः याच वर्गातील असल्याने त्यास आत्मपरीक्षणाचे रूप आले आहे.

उभे राहून करावयाची कामे

बसण्याच्या विरुद्ध टोकाचाही विचार रामाझ्झिनी यांनी केला. सुतार, लोहार, गवंडी अशा दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात आणि त्यांवर व्रण होतात, हे त्यांनी नोंदवले. चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे अधिक थकवते, कारण चालताना स्नायू आळीपाळीने ताणले व सैल सोडले जातात, तर उभे राहताना तेच स्नायू सतत ताणलेले राहतात, असे त्याचे कारण त्यांनी दिले. आधुनिक शास्त्र ज्याला स्थिर ताण म्हणते, त्याचे हे आरंभीचे स्पष्टीकरण होय. म्हणून अशा कामगारांनी शक्य तेव्हा बसावे किंवा थोडे चालावे, असा सल्ला त्यांनी दिला. बसणाऱ्यांना हालचाल आणि उभे राहणाऱ्यांना विसावा, या दोन्ही सल्ल्यांमागे कोणत्याही एका स्थितीत शरीर फार काळ ठेवू नये, हे एकच तत्त्व आहे.

फिनाले येथील वाद

कारखान्याचे दुष्परिणाम केवळ कामगारांपुरते राहत नाहीत, हे दाखवण्यासाठी त्यांनी मोदेना परिसरातील फिनाले या गावातील एका खटल्याची माहिती दिली आहे. तेथे एका व्यापाऱ्याच्या कारखान्यात पाऱ्याचे एक दाहक संयुग तयार केले जात असे. त्याच्या धुराने गावकरी आजारी पडतात, असा दावा करण्यात आला व मृत्यूंच्या नोंदीही पुढे आणण्यात आल्या. दोन्ही बाजूंनी वैद्यांनी मते मांडली. निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला आणि कारखाना सुरू राहिला. रामाझ्झिनी यांनी हा प्रसंग नोंदवला नसता तर त्या गावकऱ्यांचे म्हणणे बहुधा विस्मृतीत गेले असते.

पादुआ आणि अखेरची वर्षे

१७०० मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने रामाझ्झिनी यांना पादुआ विद्यापीठात प्रत्यक्ष वैद्यकाच्या अध्यासनावर बोलावले. पादुआ हे त्या काळी युरोपातील अग्रगण्य वैद्यकीय केंद्रांपैकी एक होते. शरीरविकृतिशास्त्राचे प्रवर्तक मोर्गान्यी पुढे तेथे त्यांचे सहकारी झाले. १७११ मध्ये व्हेनिसच्या प्रदेशात गुरांमध्ये भीषण साथ पसरली, तेव्हा त्या विषयावर त्यांनी विद्यापीठात व्याख्यान दिले. राजेलोकांनी आरोग्य कसे राखावे, यावरही त्यांनी एक ग्रंथ लिहिला. तापावर सिंकोनाच्या सालीचा उपयोग त्यांना मान्य होता, मात्र तिच्या अतिरेकी वापराविरुद्ध त्यांनी १७१४ मध्ये इशारा दिला.

उतारवयात त्यांना डोकेदुखी आणि हृदयाची धडधड यांचा त्रास होऊ लागला आणि दृष्टी जवळजवळ गेली. बारीक काम करणाऱ्यांच्या डोळ्यांविषयी लिहिणाऱ्या या ग्रंथकाराला अखेरच्या काळात वाचनासाठी घरच्यांवर अवलंबून राहावे लागले. तरीही त्यांनी अध्यापन सोडले नाही. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, व्याख्यानाला जाण्याच्या तयारीत असताना, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला.

मर्यादा

रामाझ्झिनी यांची निरीक्षणे अचूक असली, तरी त्यांची स्पष्टीकरणे त्यांच्या काळातील आहेत. शरीरातील रसांचे असंतुलन, प्राणतत्त्वाचे क्षीण होणे अशा कल्पनांनी ते रोगांची उपपत्ती लावतात. रेचक देणे व रक्त काढणे हे उपायही ते सुचवतात. त्यांनी सुचवलेले बहुतेक उपाय कामगाराने स्वतः करावयाचे आहेत. कामाचे तास कमी करावेत किंवा मालकावर बंधने घालावीत, अशी मागणी ते सहसा करत नाहीत. मात्र गरीब कामगाराला लांबलेले उपचार परवडत नाहीत, त्याला घरच्यांसाठी लवकर कामावर परतावयाचे असते, याचे भान ठेवून वैद्याने उपचार करावेत, असे त्यांनी बजावले आहे.

प्रभाव

ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फूरक्रुवा यांनी १७७७ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात अतिश्रमाने होणाऱ्या आजारांच्या संदर्भात रामाझ्झिनी यांचा उल्लेख केला आहे. कार्ल मार्क्स यांनीही ‘भांडवल’ या ग्रंथात त्यांची नोंद घेतली. इंग्लंडमध्ये चार्ल्स थॅकरा यांनी १८३१ मध्ये लीड्स येथील व्यवसायांच्या आरोग्यावरील परिणामांचा जो ग्रंथ लिहिला, तो याच परंपरेतील आहे.

काम, अवजारे व आसने माणसाच्या शरीराला अनुरूप बनवण्याच्या शास्त्रास ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव पोलंडचे शास्त्रज्ञ व्होइचेख यास्त्शेंबोव्हस्की यांनी १८५७ मध्ये दिले. नाव नंतरचे असले, तरी त्यामागील प्रश्न रामाझ्झिनी यांनी दीडशे वर्षे आधीच विचारला होता. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील बसचालक व वाहक यांची तुलना करून बसून राहणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार अधिक आढळतो, असे दाखवले. हालचालीविना बसणे अपायकारक असते, या रामाझ्झिनी यांच्या निष्कर्षाला त्यातून आकड्यांचा आधार मिळाला.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभे राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले होते. रामाझ्झिनी यांनी वैद्याचा सल्ला म्हणून जी गोष्ट सांगितली होती, ती येथे कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ १९८२ मध्ये ‘कोलेजियम रामाझ्झिनी’ ही व्यावसायिक व पर्यावरणीय आरोग्याच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय त्यांच्या जन्मगावी, कार्पी येथे आहे.

निवडक ग्रंथ

- मोदेना येथील झऱ्यांवरील ग्रंथ (१६९१)
- कारागिरांच्या रोगांवरील प्रबंध (पहिली आवृत्ती १७००, दुसरी आवृत्ती १७१३)
- राजांच्या आरोग्यरक्षणावरील ग्रंथ (१७१०)
- सिंकोनाच्या गैरवापरावरील ग्रंथ (१७१४)